कळस दिसला म्हणजे देव दिसला का?

असिसी गावाबाहेरच्या सान दामियानो मठात १२५२ सालच्या नाताळच्या रात्री क्लारा नावाची एक संन्यासिनी अंथरुणाला खिळून होती. बाकीच्या सगळ्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला गेल्या. क्लाराला उठून बसायचंही त्राण नव्हतं, त्यामुळे ती खोलीत एकटीच राहिली. तिच्या चरित्रकथा सांगतात, की त्या रात्री गावातल्या संत फ्रान्सिसच्या देवळात चाललेली उपासना तिला पडल्या जागेवरून ऐकू आली आणि दिसलीही. समोरच्या भिंतीवर चित्र हलावं तशी. पुढच्या वर्षी ती वारली, नंतर चर्चने तिला संतपद दिलं. आणि सातशे वर्षांनी, १९५८ मध्ये, पोप पायस बारावे यांनी संत क्लाराला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केलं.

हा निर्णय म्हणजे एका जुन्या दंतकथेची नुसती सोय नव्हती. इटलीच्या राष्ट्रीय टीव्हीचं नियमित प्रसारण चारच वर्षांपूर्वी, ३ जानेवारी १९५४ रोजी सुरू झालं होतं आणि एक प्रश्न चर्चच्या दाराशी येऊन उभा होता. दुरून दिसलं ते खरंच पाहिलं म्हणायचं का? क्लाराला मिस्सा, म्हणजे ती उपासना, दिसली, पण ती मिस्सेला हजर होती का? ज्या देशांनी विसाव्या शतकात स्वतःचं टीव्ही केंद्र उभारलं, त्यांतल्या अनेकांत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात पुढे आला. अँटेना कुठे बसवायचा, संच किती वाटायचे हे अभियंत्यांनी ठरवलं. पवित्र गोष्ट काचेवर उमटली की पवित्र राहते का, हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं.

फ्रान्सच्या सरकारी टीव्हीने १९४८ च्या नाताळच्या रात्री पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधली मिस्सा दाखवली. टीव्हीसंच तेव्हा मोजक्याच घरांत होते, तरी धर्मचिंतकांमध्ये वाद पेटला. विसाव्या शतकातले मोठे कॅथलिक विचारवंत कार्ल रानर यांनी मिस्सा टीव्हीवर दाखवायला स्पष्ट विरोध केला. त्यांचा मुद्दा कॅमेऱ्याच्या भीतीतून आलेला नव्हता. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक बाप्तिस्मा न झालेल्यांना मिस्सेच्या मुख्य भागाआधी बाहेर पाठवत. जे सर्वांत पवित्र, ते ज्याची त्यात सामील होण्याची तयारी आहे त्याच्याच समोर उघडायचं, असा तो संकेत होता. टीव्ही असा कुणालाच बाहेर पाठवू शकत नाही. तो श्रद्धावानालाही दाखवतो आणि जेवताजेवता सहज नजर टाकणाऱ्यालाही. रानर यांना पवित्र वस्तूची काळजी होतीच, पण पाहणारा कसा पाहतो याची जास्त होती.

चर्चने शेवटी जो मार्ग काढला तो विचार करण्यासारखा आहे. टीव्हीवर मिस्सा पाहिल्याने धडधाकट माणसाचं रविवारचं कर्तव्य पुरं होत नाही, कारण कम्युनियनची भाकर काचेतून हातात येत नाही. आजाऱ्याला मात्र ते कर्तव्यच माफ आहे, त्याने ती पाहावी आणि मनाने सामील व्हावं. पोप रोमच्या सज्जातून सगळ्या जगाला देतात तो आशीर्वाद मात्र टीव्हीवरून पाहणाऱ्यालाही पोचतो, हे १९८५ मध्ये अधिकृतपणे मान्य झालं. म्हणजे शब्दाला अंतर नाही, अन्नाला आहे. आपल्याकडे प्रसाद आणि आरती यांत जो फरक कुणी शिकवल्याशिवाय कळतो, तोच हा. आरती दुरून दिसली तरी टाळी वाजवता येते. प्रसादासाठी हात पुढे करावा लागतो.

इंग्लंडमध्ये हीच चिंता टोपीवरून व्यक्त झाली. १९२३ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कचं लग्न वेस्टमिन्स्टर ॲबीत होतं आणि नव्याने सुरू झालेल्या बीबीसीला ते रेडिओवरून ऐकवायचं होतं. ॲबीने परवानगी नाकारली. लोक दारूच्या गुत्त्यात बसून, डोक्यावरची टोपीही न काढता ही उपासना ऐकतील, अशी भीती तिथल्या धर्माधिकाऱ्यांना वाटली. तीस वर्षांनी, २ जून १९५३ रोजी, एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाला कॅमेरे त्याच ॲबीत शिरले आणि सुमारे दोन कोटी ब्रिटिशांनी तो सोहळा टीव्हीवर पाहिला. पण एका क्षणी चित्र अडलं. राणीने झगमगती वस्त्रं उतरवून साधा पांढरा झगा घातला, चार सरदारांनी तिच्या डोक्यावर छत्र धरलं आणि आर्चबिशपने तेलाचा अभिषेक केला. तो क्षण कॅमेऱ्याने दाखवला नाही. मुकुट सगळ्यांनी पाहिला, तेल कुणी पाहिलं नाही. २०२३ मध्ये चार्ल्स राजाच्या वेळीसुद्धा त्या क्षणापुरता भोवती पडदा धरला गेला. सत्तर वर्षांत टीव्हीने जगातली जवळपास प्रत्येक भिंत पारदर्शक केली, हा हातभर कपडा तेवढा टिकला.

सौदी अरेबियात वाद याहून खोल होता. तिथे प्रश्न पाहणाऱ्याचा नव्हता, चित्राचाच होता. सजीवाची प्रतिमा घडवणं म्हणजे निर्मात्याच्या कामात हात घालणं, असं तिथले कर्मठ उलेमा मानत. राजे फैसल यांनी १९६५ मध्ये टीव्ही सुरू केला, तेव्हा त्यांचाच पुतण्या खालिद बिन मुसाइद काही साथीदारांसह रियाधच्या केंद्रावर चालून गेला आणि त्या प्रकरणात सुरक्षा दलाच्या गोळीने मारला गेला. दहा वर्षांनी, २५ मार्च १९७५ रोजी, खालिदच्या भावाने राजे फैसल यांची गोळ्या झाडून हत्या केली. हा भावाच्या मृत्यूचा सूड होता, असं अनेकांनी मानलं. टीव्हीच्या खांबापासून सुरू झालेला एक धागा राजाच्या दरबारापर्यंत असा रक्ताने माखत गेला.

त्या वादातला एक युक्तिवाद मात्र फार सुंदर आहे. छायाचित्राचा प्रश्न आधीच आला होता, तेव्हा इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखित यांनी म्हटलं होतं, की छायाचित्र काढणारा काहीच घडवत नाही. देवाने निर्माण केलेल्या वस्तूची सावली तो फक्त धरून ठेवतो. आरशात पाहणं कुणी निषिद्ध मानत नाही, मग धरून ठेवलेलं प्रतिबिंब निषिद्ध कसं? टीव्हीला पुढे याच तर्काने जागा मिळत गेली. काच बनवत नाही, दाखवते.

पण आरसा आपल्या बाजूलाही आहे आणि आपल्याकडे त्याचं काम वेगळं आहे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते तेव्हा सोन्याच्या शलाकेने तिचे डोळे उघडतात. त्या पहिल्या नजरेसमोर माणूस उभा राहत नाही, आरसा धरतात. कारण मूर्ती आता पाहते आहे. मराठी भाषेने ही गोष्ट क्रियापदात साठवून ठेवली आहे. देव दर्शन ‘देतो’, माणूस दर्शन ‘घेतो’. पंढरपूरहून आलेला वारकरी ‘विठ्ठल पाहून आलो’ असं सहसा म्हणत नाही. ‘दर्शन झालं’ म्हणतो. दोन्हीकडून काहीतरी घडलं, असा त्याचा अर्थ.

आणि भारताने आपल्या राष्ट्रीय वाहिनीच्या नावात नेमका हाच शब्द घातला.

तो घालताना कुणाच्या मनात देव नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्ही सुरू झाला तो युनेस्कोच्या मदतीने, प्रयोग म्हणून. आठवड्यातून दोनच दिवस, तेही थोडा वेळ. मोजके संच टेलिक्लबांना दिलेले, भोवती शेजारपाजारची माणसं जमलेली आणि पडद्यावर आरोग्य, रहदारीचे नियम, नागरिकांची कर्तव्यं. विक्रम साराभाईंचं स्वप्न तर थेट खेड्यात जाण्याचं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात, अमेरिकन उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही पोचला आणि शेती, कुटुंबनियोजन, शाळा हे विषय घेऊन पोचला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, तिथेही कामगार, शेतकरी आणि विद्यार्थी हेच डोळ्यांसमोर होते. १ एप्रिल १९७६ रोजी टीव्ही आकाशवाणीपासून वेगळा झाला आणि ‘दूरदर्शन’ म्हणून स्वतःच्या पायावर उभा राहिला. त्या नावाला तेव्हा कुणी हार घातला नाही. लोक दूरदर्शन ‘पाहत’ होते.

२५ जानेवारी १९८७ च्या रविवारी सकाळी साडेनऊला रामानंद सागरांचं ‘रामायण’ लागलं आणि बघता बघता क्रियापद बदललं.

त्या सकाळी महाराष्ट्रातल्या चाळींतून ज्यांनी काढल्या त्यांना ती खोली अजून दिसते. संच मजल्यावर एखाद्याकडेच. लाकडी खोक्यातला, सरकत्या दारांचा. ती दारं बाजूला झाली की देव्हारा उघडल्यासारखं वाटायचं, आणि हे साम्य कुणाला सांगावं लागत नव्हतं. आधी आंघोळी उरकलेल्या. गॅलरीत चपलांचा ढीग. पहिल्या रांगेत मुलं, मागे खाटेवर म्हातारी माणसं, दारात ओला पदर खोचून उभ्या राहिलेल्या बायका. कुणी संचाला हार घालत असे, कुणी उदबत्ती लावून ती काचेसमोर ओवाळत असे. ऐन वेळी चित्रात मुंग्या आल्या तर एकजण गच्चीवर धावायचा, अँटेना फिरवायचा आणि खालून ओरड व्हायची, ‘आलं, आलं, थांब तिथेच!’ मग राम दिसायचा आणि खोली गप्प व्हायची. कितीतरी हात जोडलेले असायचे.

रानर यांनी ज्या धोक्याचा इशारा दिला होता, तो इथे लोकांनी आपल्या हाताने दूर केला. काच अंतर ठेवत नाही, तर अंतर आम्ही ठेवू. चपला आम्ही काढू. टोपीची काळजी वेस्टमिन्स्टरच्या धर्माधिकाऱ्यांना करावी लागली, चाळीतल्या माणसाला ती कुणी सांगितली नव्हती. शिकलेल्या वर्गातल्या अनेकांनी या हार-उदबत्तीला भाबडेपणा म्हटलं. ते चुकलं. पाहण्याआधी स्वतःला तयार करायचं असतं, ही जाण ज्याला आहे तो भाबडा नाही. पाहणं ही कृती आहे आणि तिला पात्र व्हावं लागतं, हा विचार त्या खोलीतल्या अक्षरशत्रू आजीला पुस्तकातल्या माणसापेक्षा नेमका ठाऊक होता.

शिवाय ही सवय टीव्हीने लावलेली नव्हतीच. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि रंगीत लक्ष्मी-सरस्वती बाजारात आणल्या. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांच्या भिंतीवरही त्या आल्या आणि कागदाला कुंकू लागलं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली राम पडद्यावर आला, तेव्हा प्रेक्षक चपला काढून हात जोडत होते. आणि या सगळ्यात विलक्षण उदाहरण पुण्याचं आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं झाली. तेव्हा घराघरांत रेडिओला हार घालण्यात आले, उदबत्त्या लावण्यात आल्या. रेडिओला! ज्याच्यात दिसायला काही नव्हतं, डोळे नव्हते, मुकुट नव्हता. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं येतं, हे लोकांना आठवण करून द्यावं लागलं नाही. म्हणजे हार प्रतिमेला नव्हता. ज्या दारातून कुणीतरी आत येणार आहे, त्या दाराला तोरण बांधावं तसा तो होता.

मात्र एक गोष्ट रेडिओने केली नाही आणि टीव्हीने केली. गीतरामायण ऐकताना प्रत्येक घरातला राम वेगळा होता. १९८७ नंतर रामाला एक चेहरा मिळाला. एकनाथांच्या भावार्थरामायणातला राम, कीर्तनकाराने उभा केलेला राम, लळितातला राम, सगळे त्या एका चेहऱ्यामागे गेले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास बायका आपल्या दुःखासारखा सांगतात. ती सीता रविवारच्या सकाळी दिसली नाही. रोमिला थापर यांच्यासारख्या इतिहासकारांनी तेव्हाच विचारलं होतं, की अनेक रामायणांच्या देशात सरकारी वाहिनीने एकच रामायण प्रमाण का करावं? त्या चेहऱ्यांना पुढे मतंही मिळाली. मालिकेतली सीता आणि रावण, दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, १९९१ मध्ये लोकसभेत निवडून गेले. चाळीतल्या त्या खोलीतली भक्ती खरी होती, आणि तिचा उपयोग कुणी कसा केला हेही खरं आहे. पहिल्या गोष्टीने दुसरी पुसली जात नाही.

इस्रायलमध्ये टीव्हीचं भांडण वेळेवरून झालं. तिथे नियमित टीव्ही १९६८ मध्ये आला आणि १९६९ च्या नोव्हेंबरात शुक्रवारी रात्रीही प्रसारण करायचं की नाही, हा वाद पेटला. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, विस्तव पेटवायचा नाही, काम थांबवायचं. धार्मिक पक्षाच्या आग्रहामुळे पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी प्रसारण थांबवायला सांगितलं. एका नागरिकाने सर्वोच्च न्यायालय गाठलं, न्यायमूर्तींनी शुक्रवारीच आदेश दिला आणि त्या रात्री पडदा उजळला. न्यायालयाचं बरोबर की चूक, हा इथे मुद्दा नाही. पवित्र गोष्टीला वेळ लागते, हे त्या भांडणाने लख्ख केलं. पंढरपुरातही काकडआरती आणि शेजारती यांच्यामध्येच देव भेटतो. फक्त आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात आणि मग रात्रंदिवस दर्शन सुरू राहतं. गर्दीसाठी विठ्ठल झोप सोडतो, असा त्याचा अर्थ वारकरी लावतात.

आता पुन्हा ‘रामायण’ मालिकेकडे. १९८८ मध्ये ती संपत आली, राम अयोध्येला परतला. तेव्हा जालंधरमध्ये सफाई कामगारांनी संप पुकारला आणि तो उत्तरेतल्या आणखी शहरांत पसरला. वाल्मिकी समाजातल्या या कामगारांची मागणी पगाराची नव्हती. मालिका इथे थांबवू नका, वाल्मिकींनी सीतेला आसरा दिला आणि लव-कुशांना वाढवलं तो भाग दाखवा, अशी होती. पुढे तो भाग दाखवला गेला.

टीव्हीच्या आणि धर्माच्या इतिहासातली ही कदाचित सर्वांत अर्थपूर्ण घटना असावी, आणि तिची आठवण फार थोड्यांना आहे. जे लोक गावाची घाण उचलत होते, त्यांना पडद्यावर फक्त देव पाहायचा नव्हता. आपल्या ऋषीला देशाने पाहावं, त्याच्या रूपाने आपल्याला पाहावं, असं त्यांना हवं होतं. दर्शन म्हणजे पाहिलं जाणंही असतं, हे त्यांनी झाडू खाली ठेवून सांगितलं.

हीच गोष्ट पंढरपुरात सातशे वर्षं दगडात उभी आहे. चोखोबा महार होते, म्हणून देवळात जाऊ शकत नव्हते. परंपरा सांगते, की त्यांनी भीमेच्या पलीकडच्या तीरावर दीपमाळ उभारली आणि तिथून विठोबाला ओवाळलं. आत जाता आलं नाही तर कळस पाहावा, कळसाचं दर्शन म्हणजे देवाचंच दर्शन, ही वारकऱ्यांची जुनी समजूत आहे. क्लाराच्या भिंतीची आणि या कळसाची जातकुळी एकच. २०२० च्या आषाढीला महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो घरांत महापूजा टीव्हीवर पाहिली गेली, तेव्हा त्याच समजुतीने माणसांना धरून ठेवलं. त्या दिवशी काचेला हात जोडणाऱ्याला खोटं ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण मग एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. दुरून दिसणं पुरेसं असेल, तर साने गुरुजींनी उपोषण कशासाठी केलं? विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने महाराष्ट्र पिंजून काढला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात अन्न सोडलं. दहा दिवसांनी दार उघडायचं ठरलं, तेव्हाच उपोषण सुटलं. कळस तर सगळ्यांना दिसतच होता. त्याआधी १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी राहिली, त्यांनाही राम कुठे आहे हे माहीत होतं. ‘दुरून दर्शन घ्या, तेही दर्शनच’ हे वाक्य भक्त स्वतःशी म्हणतो तेव्हा त्यात धीर असतो. दाराची किल्ली कमरेला लावलेला माणूस तेच वाक्य म्हणतो, तेव्हा तो अन्याय असतो. शब्द तेच राहतात. टीव्हीबद्दलच्या सगळ्या धर्मवादात ही एक गोष्ट विचारायची राहून गेली आहे: हे अंतर कुणी निवडलं?

पंढरपूरच्या विठ्ठलाची रीत तर आणखी जवळीक मागणारी. इथे मुखदर्शनावर भागत नाही, पायावर डोकं ठेवतात. सकाळपासून दर्शनबारीत उभा असलेला माणूस त्या काळ्या दगडाला कपाळ लावतो, मागून पुजारी खांदा धरून पुढे सारतो, आणि जेमतेम एक श्वासभर मिळालेल्या त्या थंड स्पर्शासाठी तो पुढच्या वर्षी पुन्हा चालत येतो. ज्याला रांगेत उभं राहण्याचं बळ नाही किंवा परतीची गाडी गाठायची आहे, तो महाद्वाराशीच थांबतो. तिथे, दाराबाहेर, चोखोबांची समाधी आहे. तिच्यावर तो डोकं टेकवतो, नामदेव पायरीला हात लावून कपाळाला लावतो आणि पिशवी सावरत, मान वर करून कळस पाहतो.